सोमवारची मोटार

बस रं शामू. लांबनं तुझ्या गावातनं आलास, पान लाव आधी, मग बोल. तुझ्या बानं सांगितलं मला, पोरगा मोटार घ्यायचं म्हणतोय म्हणून. लढाई सरली, बेळगावच्या कॅम्पातनं पल्टणीच्या जुन्या लॉऱ्या विकायला काढल्यात, तवा जो उठतोय तो मोटारवाला व्हायला बघतोय. घे की! मी कोण नगं म्हणणारी? पण मघाधरनं बोटांवर मोजून सांगायलास, पेट्रोल एवढं, टायर एवढं, डायवरचा पगार एवढा, आणि वर छाती काढून म्हणतोस, "आत्ती, ह्याच्याभायर दमडीचा खर्च न्हाई."

आरं, मग सोमवार कुठं हाय ह्यात?

हसू नगंस. माझा भाऊ नागोजी आज माल घेऊन निपाणीला गेलाय, न्हाईतर त्यालाच सांगायला लावलं असतं. पण तो काय सांगतोय डोंबल! चार शब्द बोलला की त्याला धाप लागती. मोटारीसंगं घटकान्‌घटका बोलंल, माणसासंगं न्हाई. तवा मीच सांगते. देवानं मला तोंड दिलंय ते कशाला?

लढाईच्या आदल्या सालातली गोष्ट. नागोजीनं निपाणीच्या एका तंबाखूवाल्याची जुनी, मागं माल भरायची मोटार आणली. आमच्या घरात तवर कुणी चाकाला हात लावला असंल तर तो बैलगाडीच्याच. मोटारीपायी त्यानं बैलजोडी विकली. तेवढ्यानं भागलं न्हाई, तवा माझ्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. माझा मालक लवकर वारला, मी लेकीला घेऊन माहेरी आलते, आणि माझ्या म्हणायच्या अशा त्या पाटल्याच तेवढ्या डब्यात हुत्या. नागोजीनं मागितल्या न्हाईत हं. मीच काढून दिल्या, आणि मग उठता-बसता त्याला बोलून दाखवल्या. देणाऱ्याला तेवढा हक्क असतोच की.

मोटारीला तंबाखूचा वास असा बसलेला, की धुऊन धुऊन हात झिजले पण वास हटला न्हाई. आम्ही तिच्यातनं रोज सकाळी कॅम्पात भाजी धाडायचो, गोऱ्या पल्टणीच्या भटारखान्याला. कोबी, नवलकोल, गाजरं, वाटाणा. आमचं गाव काकतीच्या पलीकडं, तवा उजाडायला भाजी काढायला लागायचं आणि पल्टणीचं दुपारच्या जेवणाचं बिगूल वाजायच्या आधी पोचायचं. एकदा तिथला खानसामा म्हणाला, तुमच्या कोबीला तंबाखूचा वास मारतोय. नागोजी बिचारा मान खाली घालून आला. मी म्हटलं, सांगायचं न्हाईस व्हय, तंबाखूचं येगळं पैसं लावत न्हाई म्हणून?

आता सोमवार. आपल्याकडं सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. नंदीचा वार. पेरणी खोळंबू दे, आभाळ भरून येऊ दे, सोमवारी बैल दावणीलाच. नागोजीनं बैल विकले, पण सोमवार काय विकला न्हाई. मोटार आणल्यावर पहिल्याच सोमवारी तिला आंब्याखाली उभी केली आणि म्हणाला, "आज तिला इसावा."

सगळं गाव खो खो हसलं. मीबी हसले. म्हटलं, "आरं, लोखंडाला कसला इसावा? बैलाला जीव असतोय."

तो म्हणाला, "आक्का, बैलाचं दुखलं तर तो पाय उचलून धरतो, चारा सोडतो, खाली बसतो. हिला सांगता येत न्हाई. हिला उभी करून आपणच इचारायला पायजे."

आणि मग तो दिवसभर इचारायचा. गोणपाट अंथरायचा, एकेक नट सोडायचा, रॉकेलात धुवायचा, आणि ज्या रांगंत काढला त्याच रांगंत गोणपाटावर मांडायचा. मधनंच कुणी पोरगं धावत आलं आणि पाय लागून एक नट हलला, तरी त्याला कळायचं. मोटारीखाली उताणा पडून तिच्यासंगं कायबाय पुटपुटायचा. मी भाकरी घेऊन गेले की आत काळं तोंड आणि पांढरे डोळे तेवढे दिसायचे. सांजच्याला मोटार पुन्हा जिथल्या तिथं, आणि नाकाडावर हळद-कुंकू.

बरं, सोमवारची भाजी कोण न्यायचा? आमच्याच गल्लीतला रवळू. त्याची मोटार नवी, दारावर तोंड बघून घ्यावं अशी. पोरगं वाईट न्हाई, पण हातघाईचं. त्याच्या मोटारीला ना सोमवार, ना अमावस्या. गावातली माणसं म्हणायची, ह्यो बघा धंदा करणारा, आणि नागोजी अण्णा बसलाय लोखंडाचे लाड करत. मला ते झोंबायचं. पाटल्या कुणाच्या गेल्यात?

असं चाललं असताना कॅम्पातल्या ठेकेदाराचा निरोप आला. पल्टणीत नवी तुकडी आली, भाजी दुप्पट लागणार, आणि त्याला आता दोघा-दोघांसंगं डोकं लावायचा कंटाळा आला. सगळा माल तो एकालाच देणार. जुना माणूस म्हणून पहिला मान नागोजीचा. येत्या मंगळवारपासनं रोज येळंत माल आणायचा, सोमवारीसुद्धा, एकबी खाडा चालायचा न्हाई. मंगळवारी नागोजी आला न्हाई, तर ठेका रवळूला.

त्या दिवशी मी नागोजीला बसू दिलं न्हाई की उठू दिलं न्हाई. म्हटलं, "तुझ्या सोमवाराला आता काशीला धाड. ठेका मिळाला तर वर्षात माझ्या पाटल्या हातात येतील. गेला तर तुझी ही मोटार काय चाटायची?" तो भाकरी अर्धी टाकून उठला, आंब्याखाली जाऊन उभा ऱ्हायला, परत आला.

"बरं आक्का," म्हणाला. "पुढच्या सोमवारपासनं जाईन. तुझ्या पाटल्या हाईत. पण ह्यो शेवटचा सोमवार तिला पुरा दे. ब्रेकचं काम काढायचंय."

तू मोटार घेणार हाईस तवा ऐकून ठिव. त्या जुन्या मोटारीला ब्रेक मागल्याच चाकांना. आत पट्ट्या असत्यात, त्या झिजत्यात. त्या उचकटून नव्या ठोकून बशिवायच्या, म्हंजे दिवसभराचं काम.

आणि त्याच सोमवारी माझ्या मनूला कळा सुरू झाल्या. मनू म्हंजे माझी लेक, एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला आलेली. सकाळधरनं कळा देतीया, देतीया, सुटका न्हाई. दुपार कलली तवा रुक्माबाई सुईण भायर आली. आमच्या गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

"गुणा," ती म्हणाली, "मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे. बेळगावला डॉक्टरीण मडमीच्या दवाखान्यात ने. दिवस मावळायच्या आत ने, न्हाईतर दोन्हीबी जीव जातील."

मी पदर खोचून आंब्याकडं धावले. आणि काय बघते? मोटार मागनं दगडांवर उचलून धरलेली, दोन्ही चाकं बाजूला, गोणपाटावर नटांची रांग, आणि नागोजी हातोडी घेऊन बसलेला.

शामू, मी त्या घडीला काय काय बोलले ते आता माझ्या तोंडानं काढवत न्हाई. "तुझ्या सोमवारानं माझी लेक खाल्ली!" एवढं आठवतंय. सगळी गल्ली गोळा झाली. नागोजीनं हातोडी खाली ठिवली आणि उठला.

मष्णू आमचा शेजारी. तो म्हणाला, "मी जुंपतो माझी बैलं. जिवाम्होरं कसला वार?" खरं, पण बैलगाडीनं बेळगाव गाठायचं म्हंजे दिवेलागण झाली असती, आणि ते हिसके मनूला सोसले नसते. रवळूची मोटार कॅम्पात भाजी टाकून तशीच दुसऱ्या भाड्याला गेलेली, ती तवर यायची न्हाई. गावात दुसरं काय हुतं?

नागोजी म्हणाला, "चाकं घालतो. ब्रेक न्हाई घालत. पट्ट्या बसायला सांज हुईल."

"आणि थांबवणार कशी?" मष्णूनं इचारलं.

"गाडी घाटात थांबवतो तशी."

बघ, तो रोज मांडायचा ना नटांची रांग? त्या दिवशी त्याचे हात डोळे मिटून चालल्यासारखे चालले. हा इथला, तो तिथला, शोधाशोध न्हाई, चुकामूक न्हाई. मनूला गोधड्यांवर घालून उचलून आणस्तोवर मोटार चाकांवर उभी. मागं बाभळीचा एक जाडजूड ओंडका टाकला, बैलगाडीचा नाडा टाकला, आणि मष्णू नि भरमू असे दोघे गडी चढले. भरमू म्हंजे मनूचा चुलत दीर, तिची खुशाली बघायला आलेला. आला आणि कामाला लागला. मी मनूचं डोकं मांडीवर घेऊन बसले. नागोजीनं हँडल मारलं. पहिल्याच हिसक्याला मोटार बोलली.

तू म्हणशील, बिनब्रेकची मोटार, मग उडाली असंल दणादणा. छ्या! मी आयुष्यात तसा प्रवास केला न्हाई. खड्डा दिसायच्या आधी तिचा येग कमी व्हायचा. समोरनं माणूस दिसला की नागोजी लांबनंच भोंगा वाजवायचा आणि मोटार आपसूक हळू व्हायची. "हळू माझे बाई," तो म्हणायचा, "पोटुशी हाय आत, हळू." मला कळंना, मोटारीला सांगतोय की स्वतःला. मनू माझा हात चावत हुती. मी देवाला शिव्या देत हुते, मग भिऊन पाया पडत हुते, पुन्हा शिव्या.

काकती मागं पडली आणि नदीकडचा उतार आला. लांबच्या लांब, सरळ खाली. नागोजीनं माथ्यावरच मोटार बंद पाडली. मष्णूनं उडी टाकून चाकाला दगड दिला. मग दोघांनी ओंडका खाली घेतला आणि नाड्यानं मोटारीच्या मागं बांधला, घाटात गाडीवान बांधत्यात तसा, म्हंजे ओंडका जमिनीला घासत, मागनं धरत ऱ्हातो. दोघे दोन अंगांनी दगड घेऊन चालायला लागले. नागोजीनं सगळ्यात खालचा गेर टाकला. मोटार कण्हत, फुरफुरत उतरायला लागली. मागं ओंडक्याचा असा धुरळा, की मष्णू आणि भरमू पार पांढरे. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता समोरनं एक बैलगाडी आडवी आली की खेळ खलास.

पण एकबी आली न्हाई. त्या रस्त्यावर कधी नव्हं ते चिटपाखरू न्हाई. एरवी त्या उतारावर गाड्यांची रांग असती, गूळ काय, कडबा काय. पार खाली नदीजवळ आलो तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. सोमवार हुता! सगळी बैलं घरी दावणीला हुती. ज्या सोमवारानं मोटार उघडी पाडली, त्यानंच रस्ता मोकळा करून दिला. मी मघाशी त्याला दिलेल्या शिव्या आता कुठं ठिवायच्या, ते मला कळंना.

दवाखान्याच्या फाटकाशी कसलंतरी बांधकाम चाललेलं. तिथं वाळूचा ढीग हुता. नागोजीनं सरळ त्यात मोटारीचं नाकाड खुपसलं, तवा ती उभी ऱ्हायली. फाटकावरचा शिपाई बोंबलायला लागला. मी त्याला अशी शिवी हासडली की तोच पळत जाऊन डोली घेऊन आला.

दिवे लागायच्या सुमाराला मडम भायर आली. माझ्याकडं बघून हसली. मुलगी! मनू वाचली, मुलगी वाचली. मी त्या मडमीच्या पायावर लोळणच घेतली. ती गोरीमोरी होऊन मागं सरली.

आता खरी गोष्ट ऐक. आतापतोर झालं ते कुठल्याबी मामानं केलं असतं.

मंगळवार उजाडला. मी भायर आले. नागोजी मोटारीच्या पायरीवर बसलेला, अंगावर सगळी वाळू. मनूचं बरं हाय कळल्यावर माझं डोकं पुन्हा ठिकाणावर आलतं, आणि ठिकाणावर आलं की ते हिशेबाकडं वळतंच. म्हटलं, "नागोजी, ऊठ. आज मंगळवार. अजून येळ हाय. जा गावाला, भाजी भर, ओंडका हाय, गडी हाईत, कालच्यासारखा हळूच ये. ठेका हातचा जाईल."

त्यानं अंगावरची वाळू झटकली. मग म्हणाला, "काल तिच्यात आपली मनू हुती, आक्का. म्हणून बिनब्रेकची घातली रस्त्यावर. आज मंगळवार हाय. सगळ्या गाड्या रस्त्यावर, बाया डोक्यावर पाट्या घेऊन, शाळंची पोरं. कोबीसाठी न्हाई घालणार."

"आणि ठेका?"

"जाऊ दे."

"आणि माझ्या पाटल्या?"

तवा त्यानं मान खाली घातली. "देतो, आक्का. कवा देईन ते ठावं न्हाई. पर देतो."

कालच्या एवढ्या तोंडाची मी, पदर सावरत पडवीत जाऊन बसले. भरमू गावाकडं जाणाऱ्या पहिल्याच मोटारीत बसला आणि पट्ट्या, हातोडी, गोणपाट असं सगळं घेऊन आला. नागोजीनं तिथंच, दवाखान्याच्या फाटकाशी, मोटार दगडांवर उचलली. चाकं काढली. गोणपाटावर नट मांडले. उन्हात बसून एकेक पट्टी ठोकायला लागला.

आणि तेवढ्यात कॅम्पाच्या रस्त्यानं रवळूची मोटार गेली. भाजीनं वरपर्यंत भरलेली. कोबीचे गड्डे उन्हात नुसते चमकत हुते. रवळूनं नागोजीला बघितलं, मोटार हळू केली, मग पुढं गेला. नागोजीनं मान वर केली न्हाई. त्याचा हात थांबला न्हाई. ठाक, ठाक, ठाक.

मी दवाखान्याच्या पडवीतनं सगळं बघितलं. शामू, खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्याला धार लागली. पाटल्यांसाठी न्हाई. मला वाटलं, असला भाऊ आईच्या पोटी एकदाच येतो. राजेराजवाड्यांच्या गोष्टी ऐकल्यात मी, लढाया जिंकणाऱ्यांच्या ऐकल्यात. पण हातात आलेला ठेका डोळ्यांदेखत जाऊ देऊन, कुणा अनोळखी बाईच्या डोक्यावरची पाटी सांडू नये म्हणून उन्हात ब्रेक ठोकत बसलेला माणूस मी त्या दिवशीच बघितला. मोटार घेताना पैसा लागतो रं. ठेवताना असला माणूस लागतो. तो तुझ्या बोटांवर कुठं मोजलास?

मनूला दवाखान्यात थोडे दिवस ठेवून घेतलं. मग एक दिवस सकाळी नर्सबाई आली आणि म्हणाली, "बाई, आज तुम्हाला सुटी. लेकीला घरी घेऊन जा."

मनूला कोण आनंद! गाठोडं बांधून झालं, बाळाला टोपडं घातलं. एवढ्यात फाटकात भोंगा वाजला. बघते तर रवळू. ठेका मिळाल्यापासनं रोजच कॅम्पात यायचा. मोटार धुऊनपुसून आणलेली, मागं गवत पसरून वर जाजम घातलेलं. तोंड मात्र चोरासारखं.

"आक्का, चला," म्हणाला. "माल उतरवून मोकळाच चाललोय. घरी सोडतो."

मी त्याला इचारलं, "आज वार कुठला रं?"

"सोमवार," तो म्हणाला. म्हणाला आणि मागचं जाजम सारखं करायला लागला.

"मग तू जा," मी म्हटलं. "जपून जा. आम्ही उद्या येतो."

मनू रडकुंडीला आली. "आई, चल की गं. मला घरी जायचंय. मोटार दारात आलीया." नर्सबाईला वाटलं, ह्या म्हातारीचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "बाई, ही मोटार नको तर घरची आहे ना तुमची? मग कशाला थांबताय?"

"घरची हाय म्हणूनच थांबलोय," मी म्हटलं. "आज तिचा इसाव्याचा वार हाय." गाठोडं सोडलं, गोधडी अंथरली आणि नातीला मांडीवर घेऊन बसले.

मंगळवारी सकाळी नागोजी आला. मोटारीच्या नाकाडावर ताजं हळद-कुंकू. फाटकाशी आला, ब्रेक दाबला, आणि मोटार जिथल्या तिथं उभी ऱ्हायली. वाळूच्या ढिगाला स्पर्शसुद्धा न्हाई. खाली उतरून तो माझ्यावर जरा चिडलाच.

"काल सुटी झालती म्हणं. रवळू सांगत हुता. मोकळी मोटार दारात आलती, मग बाळंतिणीला घेऊन एक दिवस उगंच का बसलीस हितं?"

"आरं, काल सोमवार हुता," मी म्हटलं.

नागोजी वळला, खांद्यावरचं फडकं काढलं आणि मोटारीची पुढची काच पुसायला लागला. काच तर लख्ख हुती. तरी पुसत ऱ्हायला, पाठ माझ्याकडं करून. मी नातीला घेऊन मोटारीत चढले. आत अजून तंबाखूचा वास येत हुता.